मालकांच्या रायफलीचा रंग

मी बंदुकांना रंग लावत असे, असं सांगितलं की आजच्या मुलांना होळीची पिचकारी आठवते. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या काळात लोक खऱ्या बंदुकीच्या लाकडाचा रंग निवडायला आमच्या दुकानात तासन्‌तास बसायचे, तो काळ मलाही आता थट्टेतलाच वाटतो.

चांद्याला जटपुरा गेटाच्या आत आमचं दुकान होतं. चंद्रपूर कागदावर, आमच्या तोंडी चांदाच. माझा थोरला भाऊ, भाईजान, बंदुकीचं लोखंड पाहायचा; दुरुस्तीचं लायसन त्याच्या नावावर होतं. लाकूड माझ्याकडे. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकतो आणि ज्याच्यावर गाल ठेवून माणूस नेम धरतो, त्याला दस्ता म्हणतात. नवा दस्ता कोरून काढला की तो कच्चा असतो. ओलं फडकं फिरवून त्याचे तंतू उभे करायचे, वाळले की घासायचे, पुन्हा ओला करायचा, पुन्हा घासायचा. मग रंग. रंग आमच्या जंगलातच मिळायचा. खैराच्या काथाचं पाणी दिलं की तपकिरी येतो. हिरड्याचं पाणी देऊन वर गंजक्या खिळ्यांचं पाणी फिरवलं की लाकूड काळंभोर होतं. शेवटी वरचा हात. जवसाचं तेल तळव्यानं चोळून मुरवलं तर दस्ता मऊ, निस्तेज आणि टिकाऊ होतो. उन्हात चमकत नाही, घामानं बिघडत नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून तिचे हात दिले तर आरशासारखा होतो आणि घामानं पांढरा पडतो. जंगलात जाणारे लोक तेल मागायचे. दिवाणखान्यात बसणारे लाख मागायचे. गिऱ्हाईक कुठे बसतं हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळायचं.

माजरीच्या कोळशाच्या खाणीवरचे एक मॅनेजर आले होते. त्यांना दुनाळी बंदुकीचा दस्ता शक्य तितका गोरा हवा होता. म्हणाले, दिवसभर काळंच बघतो, निदान सुट्टीत तरी नको. कुरखेड्याकडचा एक धानाचा व्यापारी नव्या सोफ्याचा तुकडा घेऊन आला होता, दस्ता त्याला शोभला पाहिजे म्हणून. त्याची बंदूक सोफ्यावरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि घरातली मांजर तिच्याखाली निर्धास्त झोपायची. अशा लोकांचा मला राग यायचा नाही. त्यांच्या हौशीनं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मूल गावाकडच्या एका मालकांच्या हौशीनं मात्र बिघडलं. त्यांचं नाव लिहीत नाही. मालगुजारी नुकतीच गेली होती. जमीन, जंगल आणि गावचा तलाव सरकारजमा झाला होता. पण तलावात मासे धरणारे ढिवर अजून त्यांना मालकच म्हणायचे, आणि आम्हीही तेच म्हणायचो. उंच माणूस, भारी मिशा. देश सोडून गेलेल्या एका साहेबाची विलायती रायफल त्यांच्याकडे होती. तिचा दस्ता मानेत तुटला म्हणून ती त्यांनी आमच्याकडे आणली.

भाईजाननं विचारलं, "कशानं तुटला, मालक?"

"वाघाच्या झटापटीत," मालक म्हणाले.

लाकडावर जीपच्या चाकाची नक्षी उठली होती. भाईजाननं ती मला दाखवली आणि आम्ही दोघांनी वाघाच्या नावानं मान हलवली.

जुना दस्ता अक्रोडाचा होता; ते लाकूड चांद्यात मिळणार नव्हतं. मी वखारीतून जुना, चांगला वाळलेला साग आणला आणि दस्ता कोरला. लोखंड बसवलं, भाईजाननं दुकानामागच्या विहिरीजवळ मातीच्या ढिगात गोळी झाडून पाहिली. रायफल उत्तम चालत होती. राहिला फक्त रंग, आणि तिथून सगळं अडलं.

मी आधी काथाचा रंग दाखवला. मालक म्हणाले, कुणी पान खाऊन थुंकल्यासारखा दिसतो. तो घासून काढला आणि हिरड्याचा काळा दिला. त्यांनी दस्ता खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला. "हा छत्रीचा दांडा झाला, मिस्त्री. मी वाघ मारणार आहे, अंत्ययात्रेला निघालो नाही." तोही घासून काढला. साग मुळात तेलकट लाकूड. रंग लवकर धरत नाही आणि धरला की लवकर सोडत नाही. माझ्या बोटांचे शेंडे सोलून निघत होते आणि मालक बाकावर बसून चहा घेत, ब्रह्मपुरीकडच्या कुण्या दुसऱ्या मालकांच्या रायफलीचं वर्णन करत होते. ती म्हणे लालसर होती, पण लाल नव्हती. गडद होती, पण काळी नव्हती.

याच दिवसांत सगुणाबाई आली.

बाजाराच्या दिवशी सुकी मासळी घेऊन छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, चांद्याला येणाऱ्या बायांपैकी ती एक. मध्यम वयाची, काटक, ढिवराची. टोपली दुकानाबाहेर ठेवून ती आत आली आणि उभ्यानंच तिनं विचारलं, "मालकाची बंदूक इथीच हाये का, भाऊ?"

मी म्हटलं, "आहे. का?"

"कवा होते?"

मग तिनं सांगितलं. त्यांच्या गावच्या तलावाकडे एक वाघ माणसांवर उतरला होता. तिच्या दिराला त्यानं पहाटे जाळं ओढताना नेलं. त्याआधी शेजारच्या वस्तीतली एक बाई नेली होती. तलावावर कुणी जाईना, म्हणून तिच्या टोपलीत होते ते जुने, गेल्या उन्हाळ्यातले सुके मासे. ते संपले की पुढे काही नव्हतं. वाघ मारायचा परवाना मालकांनी आपल्या नावानं आणला होता. नागभीडचा एक शिकारी यायला तयार होता, तर मालकांनी त्याला निरोप दिला, माझ्या जंगलात मी जिवंत असताना तुझं काय काम. आणि गावाला सांगितलं, रायफल चांद्याला दुरुस्तीत आहे, ती आली की वाघ मेलाच समजा.

"मंग दुरुस्त काऊन नाई होऊन राह्यली?" तिनं विचारलं.

"दुरुस्त झाली आहे, बाई. रंग राहिला."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. "रंगाबिगर गोळी सुटत नाई का?"

"सुटते."

तिनं टोपली उचलली, डोक्यावर घेतली आणि गेली. भाईजान कानस खाली ठेवून म्हणाला, "या बाईनं आपल्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

मालक पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. सध्या आहे तशी घेऊन जा, वाघ मारा, रंग मागाहून करू. मालकांना ते अजिबात पटलं नाही. कच्च्या लाकडाची बंदूक घेऊन मी गावासमोर उभा राहू का, म्हणाले. वाघाबरोबर फोटो निघेल, तो फोटो मोठ्या लोकांकडे जाईल. आता मालगुजारी नाही. माणसाची ओळख उरली ती एवढ्यातच. हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर दुखावल्यासारखा होता, म्हणून मी वाद घातला नाही. स्पिरिटमध्ये लाल पुडी आणि काथ मिसळून मी तिसरा रंग केला. तो त्यांना आवडला. घरी दाखवायला म्हणून त्याच रंगाची एक ढलपी ते घेऊन गेले, आणि चार दिवसांनी निरोप आला की बाईसाहेब म्हणतात, हा पाळण्याचा रंग आहे.

त्या आठवड्यात वाघानं मोहफुलं वेचणाऱ्या एका म्हाताऱ्याला मारलं.

ही बातमी सगुणाबाईनंच आणली. या वेळी टोपली नव्हती. ती दुकानाच्या पायरीवर बसली, पदरानं मान पुसली, पाणी मागितलं. मी तिला पाळण्याचा किस्सा सांगितला नाही, पण भाईजाननं सांगितला. तो रागात होता. ती ऐकून हसली नाही आणि चिडलीही नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले समजून नाई राह्यलं. मालक भेते."

"कुणाला?"

"वाघाले. आनखी कोनाले? जवरिक बंदूक इथी हाये, तवरिक त्याले जंगलात जा लागत नाई. तुमी दहा रंग लावा, त्याले एकही पसंत नाई पडाचा."

मी इतके दिवस त्या माणसाला हौशी समजत होतो. लाकडाचा कण न्‌ कण मला दिसायचा आणि समोरचा माणूस घाबरलेला आहे हे दिसलं नव्हतं. भाईजाननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "लाल रंगावर लाख चढव. आरसा कर. आपणच नेऊन देऊ."

मी लाल रंग गडद केला, इतका की पाळणा कुणाच्या डोक्यात येऊ नये, आणि वर लाखेचे हात दिले. खरं तर लाखेला मुरायला वेळ द्यावा लागतो. तो दिला नाही. ऐन चैत्राचं ऊन होतं; हाताला कोरडी लागली की पुढचा हात. दस्ता इतका चमकला की त्यात दुकानाचं छप्पर दिसायचं. भाईजाननं आपलं लायसन खिशात घातलं, रायफल कापडात गुंडाळली आणि आम्ही छोट्या गाडीनं निघालो. सगुणाबाई आधीच गावात पोचली होती आणि तिनं आपलं काम केलं होतं. आम्ही मालकांच्या घराच्या ओट्याशी आलो तेव्हा अंगणात अख्खं गाव बसलं होतं.

मालक बाहेर आले. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण गावासमोर त्यांनी तो सावरला. भाईजाननं कापड सोडलं. उन्हात दस्ता असा झळकला की पुढे बसलेल्या बायांनी डोळ्यांवर हात धरले. मालकांनी रायफल घेतली, फिरवली, नखानं टकटक केली. ते चूक शोधत होते. बराच वेळ शोधून त्यांना एक सापडली.

"इथं ब्रशचा केस चिकटलाय."

भाईजाननं नखानं केस काढला आणि फुंकर मारून उडवला.

"रंग छान आहे," मालक म्हणाले. "उद्या-परवा मचाणावर बसू."

तेव्हा ओट्याच्या कडेला उभा असलेला एक माणूस बोलला. चिन्नू मडावी, गोंड, मालकांच्या जुन्या शिकारींत जनावरं उठवायला हाका घालणारा. हाडकुळा, कमी बोलणारा. "आजच बसा लागते, मालक. त्यानं सकाळी तलावापाशी म्हशीचा हेला मारला. अर्धा खाऊन गेला. संध्याकाळी वापस येते. मचान बांधून ठेवली मी."

सगळं गाव मालकांकडे नुसतं पाहत होतं. सगुणाबाई पुढेच बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. मालकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. तिथे ढगही नव्हता. मग त्यांनी आत जाऊन बूट घातले.

ते आणि मडावी निघून गेले. ऊन उतरलं, पण गावात कुणी चूल पेटवली नाही. दिवस मावळायच्या बेताला तलावाकडून गोळीचा एक आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा. मग मडावीची हाळी. माणसं कुऱ्हाडी घेऊन धावली. आम्ही मागून गेलो. वाघ बांधाखाली आडवा पडला होता. मोठा, पण पुढचा एक पंजा जुन्या जखमेनं वाळलेला. मालक त्याच्यापासून जरा लांब उभे होते. रायफल त्यांच्याच हातात होती. लोक त्यांच्या पाया पडत होते आणि ते कुणाकडेही पाहत नव्हते. मला वाटलं, दमले असतील.

सगुणाबाई वाघाजवळ गेली, खाली बसली, आणि खूप वेळ तशीच बसून राहिली. नंतर तिचा नवरा आला आणि त्यानं तिला हाताला धरून उठवलं.

सकाळी फोटोवाला आणला गेला. चैत्रातला मेलेला वाघ सकाळपर्यंत फुगतो आणि त्याचा वास सहन होत नाही. मालकांनी अत्तराचा रुमाल नाकाशी धरला. तो फक्त फोटोपुरता खाली करायचे. एक पाय वाघावर, रायफल आडवी, दस्ता पुढे. वाघाची मान वर राहावी म्हणून मडावी मागे ओणवा बसून काठीनं ती उचलून धरत होता. फोटोत तो आला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पावसाळ्यानंतर मालक पुन्हा दुकानात आले. काखेत काचेत मढवलेला फोटो, मागे रायफल घेतलेला गडी. त्या काळात फोटो काळापांढराच निघायचा. ज्याला हौस असेल तो फोटोवाल्याकडून ब्रशनं रंगवून घ्यायचा. मालकांनी घेतला होता. फोटोवाल्यानं दस्ता कधी नीट पाहिलाच नसावा. त्यानं मालकांचे गाल गुलाबी केले होते, वाघ हळदीसारखा पिवळा, आणि दस्ता नागपुरी संत्र्याच्या सालीचा.

"पाहुणे येतात, फोटो पाहतात, मग खुंटीवरची रायफल पाहतात," मालक म्हणाले. "म्हणतात ही ती नव्हे. मिस्त्री, फोटोसारखा रंग करून द्या."

भाईजान हातातलं काम घेऊन मागच्या खोलीत गेला. त्याला हसू आवरत नव्हतं. मी दस्ता हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

लाख कच्ची असताना तिच्यावर घाम बसला की पांढरा डाग पडतो, हे मी वर सांगितलं. इथे तो पडला होता. गालाच्या आकाराचा, खाली जबड्याची कडसुद्धा उमटलेली. माणूस उजव्या खांद्याला बंदूक लावतो तेव्हा त्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. डावं अंग स्वच्छ होतं, मी केलं तसंच. डाग उजव्या अंगाला होता. मालक चहाचा कप उजव्या हातात धरून बसले होते. आणि त्या दिवशी ओट्याशी उभ्या असलेल्या मडावीनं कुऱ्हाड डाव्या हातात घेतली होती, विडीही डाव्याच हातानं पेटवली होती.

मी विचारलं, "मालक, तुम्ही डावरे आहात का?"

त्यांना लगेच कळलं. त्यांनी गड्याला बाहेर पाठवलं. कप बाकावर ठेवला. मला वाटलं आता ते चिडतील, रायफल उचलून निघून जातील. पण ते जागेवरून हलले नाहीत.

"माझे हात उचललेच नाहीत, मिस्त्री," ते हळू म्हणाले. "तो समोर आला, हेल्याजवळ बसला, आणि मला रायफल जड झाली. मडावी कानात म्हणाला, मालक, द्या इकडे. मी दिली."

मला त्यांची कीव आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो माणूस माझ्याशी सरळ बोलला होता. मी म्हटलं, राहू द्या मालक, भीती कुणाला वाटत नाही. हा डाग मी घासून काढतो, तेल देतो, साधा ठेवू.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, मिशा नीट केल्या आणि फोटो माझ्याकडे सरकवला.

"साधा नको. फोटोसारखाच करा."

मी केला. शेंदूर, हळकुंडाचं पाणी आणि लाख. आयुष्यात इतका विद्रूप दस्ता मी दुसरा केला नाही. भाईजान म्हणाला, हा खिडकीत ठेवू नको, गिऱ्हाइकं पळतील. मालक बेहद्द खूश झाले. पुढे त्या रायफलीतून गोळी सुटल्याचं मी ऐकलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सगुणाबाईनं निरोप दिला, मासे खायला या. मी गेलो. तलावावर जाळी पडली होती, पोरं बांधावर ओरडत होती. जेवण होईपर्यंत मी बांधावर बसलो. तिथे मडावी भेटला, दोरी वळत होता. मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, गाव मालकांच्या पाया पडत होतं तेव्हा तू गप्प का राहिलास.

त्यानं दोरीचा पीळ सोडला नाही. "मालकानं तुमाले सांगतलं?"

"सांगितलं."

"मंग तुमी कोनाले सांगू नका, मिस्त्रीभाऊ. मायापाशी बंदुकीचा परवाना नाई. मी वाघ मारला म्हणून सांगतलं असतं, तं मालकाचा फोटो निघाला नसता, पन मले पोलीस घेऊन गेले असते. त्या जंगल नाक्यावरच्या नाकेदाराले वाघ दिसला नाई कवा, पन मी बरोबर दिसलो असतो."

सगुणाबाईनं हाक मारली. मडावीनं हात झटकले आणि आम्ही दोघं जेवायला उठलो. तिनं वाढताना पहिला मासा त्याच्या पानात घातला, मग नवऱ्याच्या, मग माझ्या. पंगतीत कुणी काही विचारलं नाही. त्या गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.